मालवणचे आघारकर आणि डोहातली जेलीफिश

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. रस्ता आगरकरांचा आणि संस्था आघारकरांची! बऱ्याच जणांना हा प्रूफरीडिंगचा घोटाळा वाटतो. तो तसा नाही. रस्ता ज्यांच्या नावाचा ते गोपाळ गणेश आगरकर, समाजसुधारक, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. संस्था ज्यांच्या नावाची ते शंकर पुरुषोत्तम आघारकर, शास्त्रज्ञ, आमच्या मालवणचे. हॉस्टेलवर मी हे नाव काढलं तेव्हा आमच्या विंगमधल्या निम्म्या पोरांना अजित आगरकरच आठवला. त्यांचाही दोष नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही काही माहिती नव्हतं.

माझं गाव मसुरे, तालुका मालवण. आंगणेवाडीची जत्रा तुम्ही ऐकली असेल, ती आंगणेवाडी म्हणजे मसुऱ्याचीच एक वाडी. एका बाजूला भरतगड आणि खाली कालावलची खाडी. भरती आली की खारं पाणी आमच्या बाजूला आत शिरतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि कालवं काढणाऱ्या बायका दिसायला लागतात. अशा गावातल्या मुलीला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करावासा वाटला तर त्यात नवल ते काय? माझ्या धाकट्या बहिणीला तसं वाटलं. पण तोवर तिची बारावी कॉमर्समधून झाली होती! आपल्याकडे बारावीला सायन्स नसेल तर बी.एस्सी.चं दार बंद. इंग्लंडमधल्या काही विद्यापीठांत मात्र मरीन बायॉलॉजीच्या पदवीआधी एक फाउंडेशन इयर असतं. ज्यांनी शाळेत विज्ञान घेतलं नाही, त्यांनी एक वर्ष जीवशास्त्र, रसायन, गणित असं सगळं पायापासून करायचं आणि मग पदवीच्या पहिल्या वर्षाला बसायचं. तिने कुठूनतरी ते माहितीपत्रक मिळवलं. घरात वादळ झालं. फीचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. आईचं म्हणणं एवढंच की, त्या एका वर्षाच्या शेवटी हातात काय पडणार? पदवी नाही, नोकरी नाही. वर्ष फुकट.

आता हे फुकट गेलेलं वर्ष म्हणजे काय, ते या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माझी सेकंड इयरला वायडी झाली होती. त्यामुळे मी त्या वादात तोंडच उघडलं नाही. पण मनात एक चाळा लागला. आपल्या तालुक्यातलं कोणी या वाटेने आधी गेलंय का, ते शोधायचं. तेव्हा हे आघारकर सापडले.

एल्फिन्स्टनचा विद्यार्थी

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ चा, मालवणचा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ साली झाला. सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. मुंबईला जायचं ते आगबोटीने.

कॉलेजसाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये आले. विषय जीवशास्त्र. १९०९ साली ते एम.ए. झाले. एम.ए. वाचून दचकू नका, त्या काळी विज्ञान शिकूनही माणूस एम.ए. होत असे. मग त्याच कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायला लागले.

त्या वेळच्या जीवशास्त्राच्या शिक्षकाला आजच्यासारखी एकच ब्रँच नव्हती. वनस्पतीही शिकवायच्या, प्राणीही शिकवायचे. मुंबईत संशोधनासाठी म्हणून बांधलेली प्रयोगशाळा नव्हती. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू व्हायला १९२० साल उजाडायचं होतं. तेव्हा ज्याला काही शोधायचं असेल त्याने पिशवी, बरण्या आणि स्पिरिट घेऊन बाहेर पडायचं. आघारकर सह्याद्रीत हिंडायला लागले. झाडं गोळा करायचे, आणि ओढ्यात, डोहात जे काही हलताना दिसेल तेही.

डोहातली जेलीफिश

आमच्याकडे जेलीफिशचं कोणाला कौतुक नाही. रापणीच्या जाळ्यात ती घाणीसारखी येते, अंगाला लागली की आग होते, आणि रापणकर तिला वाळूत फेकून देतात. जेलीफिश म्हणजे समुद्र, हे आमच्या पोराटोरांनाही माहीत. म्हणूनच आघारकरांना जे दिसलं त्याची गंमत मालवणच्या माणसाला जास्त कळेल.

सातारा जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर, वेण्णा आणि कोयना या नद्यांची खोरी आहेत. उन्हाळ्यात या नद्यांची धार बारीक होते आणि मध्येमध्ये डोह उरतात. अशा गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडल्या. आकाराने अगदी लहान, नखाएवढ्या, फार तर छोट्या नाण्याएवढ्या. काचेसारख्या पारदर्शक, छत्री उघडझाप करत पोहणाऱ्या. लक्ष नसेल तर पाण्याचा बुडबुडा समजून माणूस पुढे जाईल.

गोड्या पाण्यातली जेलीफिश हीच मुळात विलक्षण चीज होती. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका कमळाच्या टाकीत अशी जेलीफिश दिसली तेव्हा तिकडचे प्राणिशास्त्रज्ञ चकित झाले होते. मग १८८३ साली ब्यॉम या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात वेगळीच एक जात दिसली. पुढे तिचं नाव पडलं लिम्नोक्निडा. त्यावरून मोठा वाद पेटला. मूर नावाच्या इंग्रज संशोधकाने दोन मोहिमा काढल्या आणि टांगानिका हे एके काळी समुद्राचाच भाग होतं, तो समुद्र मागे सरला आणि त्यातले जीव सरोवरात अडकून पडले, असा सिद्धान्त मांडला. १९०३ साली त्यावर त्याचं जाडजूड पुस्तकही निघालं. पण मग लिम्नोक्निडा व्हिक्टोरिया सरोवरात सापडली, पार पश्चिमेकडच्या नायजर नदीत सापडली, आणि तो सिद्धान्त डळमळला. काही झालं तरी ती आफ्रिकेचीच, एवढं मात्र सगळे धरून चालले होते.

आणि आता तिची सख्खी बहीण सातारा जिल्ह्यात!

इथे जरा नकाशा समोर आणा. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला मिळते. कृष्णा सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र डोंगरापलीकडे जवळ आहे खरा, पण मध्ये सह्याद्रीचा कडा आहे. म्हणजे ही जेलीफिश खाडीतून पोहत वर आली, असं म्हणायची सोय नाही. मग ती इथे पोचली कशी?

आपल्या भाषेत यातली अडचण बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्याच्या मानाने त्याचा ऑस्मॉटिक दाब पंचवीस वातावरणांच्या आसपास जातो. खाऱ्या पाण्याला सरावलेला जीव गोड्या पाण्यात टाकला की पातळ त्वचेतून पाणी आत शिरायला लागतं. आत येणारं पाणी सतत बाहेर काढण्याची आणि क्षार धरून ठेवण्याची सोय शरीरात नसेल तर तो फुगून मरतो. आपला आरओ प्लँट ज्या दाबाशी मोठी मोटर लावून झगडतो, त्याच दाबाशी हा नखाएवढा जीव जन्मभर झगडत असतो. अशी सोय शरीरात तयार व्हायला पिढ्यान्‌पिढ्या जातात. म्हणजे हा प्रवास फार जुना. सह्याद्रीत असे आणखीही पाहुणे आहेत. घाटातल्या धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर क्रेम्नोकॉन्कस नावाच्या बारीक गोगलगायी राहतात. त्यांचे सगळे भाऊबंद समुद्रकाठच्या खडकांवर चिकटलेले असतात, ह्याच तेवढ्या गोड्या पाण्यात आल्या.

आघारकरांच्या जेलीफिशची बातमी १९११ साली नेचर या साप्ताहिकात छापून आली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं लिम्नोक्निडा इंडिका. योगायोग असा की, भारतातल्या गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रॉइड आणि पॉलिझोआ यांवरचा अ‍ॅनंडेल यांचा मोठा ग्रंथ त्याच १९११ सालचा. म्हणजे पुस्तक बाजारात येतंय तोच मुंबईच्या एका सव्वीस वर्षांच्या शिक्षकाने त्याला पुरवणी पाठवली! १९१२ च्या उन्हाळ्यात म्युझियमचे ग्रेव्हली स्वतः वेण्णा आणि कोयनेच्या खोऱ्यांत येऊन गेले. ही जेलीफिश कुठे कुठे आहे, कशी राहते, यावर ग्रेव्हली आणि आघारकर यांचा जोडलेख त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

सिव्हिलवाल्यांसाठी एक टीप. त्या कोयना खोऱ्याचा मोठा भाग आज शिवसागर जलाशयाखाली आहे.

पायाचं पहिलं वर्ष

यानंतर आघारकर कलकत्त्याला इंडियन म्युझियममध्ये प्राणिशास्त्राचं काम शिकले. हाताखाली घेणारी माणसं अ‍ॅनंडेल आणि ग्रेव्हलींसारखी. हे लोक खाड्या, खाजणं, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवरचे जीव यांच्यामागे लागलेले होते. थोड्याच काळात त्यांनी ओडिशातल्या चिल्का सरोवराची मोठी पाहणी हाती घेतली. १९१६ साली याच म्युझियमच्या प्राणिविभागातून झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया उभा राहिला.

आता विचार करा. एम.ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा, नेचरमध्ये ज्याच्या शोधाची बातमी आली असा माणूस पुन्हा विद्यार्थी होतो. नमुना कसा धरायचा, स्पिरिटमध्ये कसा घालायचा, लेबलावर ठिकाण, उंची आणि तारीख का लिहायची, आधीच्या वर्णनांशी कसं ताडून बघायचं, ही सगळी पायाची कामं. यातून पदवी मिळत नाही. आईच्या हिशेबाने हीसुद्धा वर्षं फुकटच.

पण फुकट गेली नाहीत. १९१३ साली रासबिहारी घोष या नामांकित वकिलांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. कुलगुरू आशुतोष मुखर्जी होते. त्या पैशांतून चार प्राध्यापकपदं निर्माण झाली आणि अट अशी की, ती भारतीय माणसांनाच द्यायची. उपयोजित गणिताला गणेश प्रसाद, भौतिकीला देवेंद्रमोहन बोस, रसायनाला प्रफुल्लचंद्र मित्र, आणि वनस्पतिशास्त्राला आपले मालवणचे आघारकर. जेलीफिशवाला माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक! ज्याला ब्रँच बदलायची आहे आणि भीती वाटते आहे, त्याने हे लक्षात ठेवावं.

बर्लिन

या घोष प्राध्यापकांना आधी परदेशी जाऊन पुढचं शिक्षण घेण्याची सोय होती. आघारकर आणि बोस दोघेही १९१४ साली जर्मनीला गेले. त्या काळी विज्ञानाची पंढरी जर्मनी. आणि ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं.

भारतातून गेलेला विद्यार्थी कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे रातोरात शत्रूराष्ट्राचा नागरिक. आघारकर स्थानबद्ध झाले. परत जायची वाट बंद. विद्यापीठातली नवी खुर्ची इकडे कलकत्त्यात रिकामी आणि प्राध्यापक तिकडे अडकलेला. वय तीस. आपल्याकडे एखादा पेपर पुढे ढकलला तर आपण मेसमध्ये तासभर बोंबलतो. इथे एका माणसाची उमेदीची पाच वर्षं परक्या देशात, परक्या भाषेत, युद्धात आणि टंचाईत चालली होती. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या शहरांतली माणसं बटाटे मिळेनात म्हणून सलगमावर जगत होती.

पुढे अभ्यास करायची मोकळीक मिळाली आणि आघारकरांनी ती वाया घालवली नाही. बर्लिनला तेव्हा अडोल्फ एंग्लर होते. कोणती वनस्पती जगात कुठे उगवते आणि का, या शास्त्रातलं त्या काळचं फार मोठं नाव. बर्लिनच्या वनस्पती उद्यानाला जोडून जगभरच्या वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह होता. आघारकरांनी एंग्लर यांच्याकडे प्रबंध केला आणि १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. प्रबंध जर्मन भाषेत आहे आणि १९२० साली छापून आला.

विषय काय, ते बघितलं तेव्हा मी खुर्चीतच सावरून बसलो. वायव्य भारतातल्या कोरड्या रखरखीत जमिनीवरच्या आणि खारट जमिनीवरच्या वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मुळात आल्या कुठून? बी वाऱ्याने उडतं का, पाण्यावर तरंगतं का, जनावराच्या केसाला चिकटून जातं का, पाखराच्या पोटातून जातं का? म्हणजे वेण्णेच्या डोहाशी पडलेला प्रश्नच तो. हे इथे पोचलं कसं? प्राणी जाऊन वनस्पती आल्या, मुंबई जाऊन बर्लिन आलं, पण प्रश्न तोच राहिला.

आणखी एक योगायोग सांगतो. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंडं एके काळी एकत्र होती आणि मग सरकत दूर गेली, ही कल्पना जाहीरपणे पहिल्यांदा मांडली जानेवारी १९१२ मध्ये. म्हणजे इकडे आफ्रिकेच्या जेलीफिशची बहीण सह्याद्रीत सापडून काही महिनेच झाले होते. वेगेनरला तेव्हा फारसं कोणी मानलं नाही. आज भारत आणि आफ्रिका एकाच जुन्या भूखंडाचे तुकडे आहेत, हे शाळेतलं पोर सांगतं. एका नदीतल्या एका जीवाचं नीट लेबल लावलेलं ठिकाण अशा मोठ्या कोड्यात कधी कामाला येईल, सांगता येत नाही.

कलकत्त्याची कारकीर्द

परत आल्यावर आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठातलं वनस्पतिशास्त्र उभं केलं. विज्ञान महाविद्यालयाच्या बालीगंजच्या आवारात हा विभाग होता. त्याच विद्यापीठात सी. व्ही. रामन भौतिकीचे पालित प्राध्यापक होते, यावरून त्या वातावरणाची कल्पना यावी. १९४६ पर्यंत आघारकर तिथे होते.

या काळात त्यांनी स्वतःच्या नावाच्या शोधांपेक्षा दुसऱ्यांना काम करता यावं म्हणून जास्त वेळ दिला. इंडियन सायन्स काँग्रेसच्या कारभारात त्यांचा मोठा वाटा होता. १९३५ साली कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया स्थापन झाली, तीच आजची इंडियन नॅशनल सायन्स अ‍ॅकॅडमी. तिच्या पहिल्या चिटणिसांत आघारकर होते. चिटणीस म्हणजे काय, ते आपल्या गॅदरिंगच्या सेक्रेटरीला विचारा! भाषण दुसरा करतो, पत्रं, हिशेब आणि खुर्च्या चिटणीस बघतो.

एकसष्टाव्या वर्षी पहिला दिवस

१९४६ साली ते कलकत्त्याहून निवृत्त झाले. बासष्टीला आलेला माणूस. कोणीही म्हणालं असतं की आता मालवणला जावं, झोपाळ्यावर बसावं, बांगड्याचं तिखलं खावं. ते पुण्याला आले.

कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स काढली होती. रामन यांचं नोबेल मिळवून देणारं काम तिथलं. तशी एक संस्था महाराष्ट्रात हवी, या विचारातून १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स निघाली. हीच एमएसीएस. आघारकर तिचे संस्थापक संचालक. स्वतःची इमारत नव्हती. प्रयोगशाळा लॉ कॉलेजच्या इमारतीत! कायद्याची पोरं खाली कलमं पाठ करतायत आणि शेजारच्या खोल्यांत कोणी बुरशी वाढवतंय, कोणी गव्हाच्या ओंब्या मोजतंय, असं काहीसं चित्र डोळ्यांपुढे आणा.

या कामात त्यांची चौदा वर्षं गेली. २ सप्टेंबर १९६० रोजी ते गेले, तोपर्यंत संचालक तेच होते. म्हणजे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा पायाच खणायला घेतला, आणि हा पाया स्वतःसाठी नव्हता. त्या खोल्यांतून पुढे काय निघालं? एमएसीएस हे नाव शेतकऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण गव्हाच्या आणि सोयाबीनच्या वाणांपुढे ते लागतं. एमएसीएस २४९६, एमएसीएस ६२२२, एमएसीएस ६४७८ हे गहू याच संस्थेचे. मेसमधली पोळी चामट असते हा दोष गव्हाचा नाही, बरं का! बुरश्यांचा मोठा संग्रह तिथे आहे, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, द्राक्षाचा एआरआय ५१६ हा वाण तिथला. १९९२ साली संस्थेला संस्थापकाचं नाव दिलं गेलं आणि आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था असा तो गोंधळ कायमचा झाला.

शेवटी घरचं

हे सगळं मी गणपतीच्या सुट्टीत घरी सांगितलं. आई ऐकत होती, पण ती काही लगेच विरघळली नाही. तिचं म्हणणं, त्यांना घोषबाबूंचे दहा लाख होते, आपल्याला कोण देणार? प्रश्न रास्त आहे. आघारकरांची गोष्ट सांगितल्याने इंग्लंडची फी कमी होत नाही.

पण एक गोष्ट झाली. बाबांनी वर्ष फुकट हा शब्द सोडून दिला. आता चर्चा होते ती पैसे कुठून, कर्ज किती, आणि इथल्या इथे काही करता येईल का याची. बहिणीने बारावीचं सायन्स बाहेरून द्यायचं का, असा एक पर्याय काढलाय. म्हणजे फाउंडेशन इयर मसुऱ्यातच, आणि स्वस्तात! तसं झालं तर पुढची ठिकाणंही फार लांब नाहीत. खाली गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवतात. त्याच्या खाली कारवारला कर्नाटक विद्यापीठाचं मरीन बायॉलॉजीचं केंद्र आहे. वर रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आणि समुद्र जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. दाराशी मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं. पर्यटक स्कूबा करून प्रवाळ बघून जातात, आपल्या तालुक्यातल्या किती मुलांनी त्या प्रवाळाचं नाव-गाव विचारलंय, हा भाग वेगळा.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं खाडीवर गेलो होतो. ओहोटी होती. कांदळाच्या झाडाखाली चिखलात हिरव्या लांब शेंगा उभ्या रुतलेल्या दिसल्या. बहिणीने सांगितलं की, कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. ते शेंगेसारखं लांब वाढतं, मग खाली पडून चिखलात रुततं, नाही रुतलं तर भरतीबरोबर तरंगत जातं आणि महिनोन्‌महिने जिवंत राहून दुसऱ्याच कुठल्या खाडीत मूळ धरतं. मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्या झाडाखाली आम्ही खेकडे पकडले. तिने एक शेंग उचलून धुतली, वहीत तारीख आणि ठिकाण लिहिलं, आणि पहिलं मोठं झाड या खाडीत आलं कुठून असेल, म्हणून मलाच विचारायला लागली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला आघारकरांच्या प्रबंधाचं जर्मन नाव लिहून दिलंय. आता ती जर्मन शिकायचं म्हणतेय. आईला अजून सांगितलेलं नाही!